बायण्याच्या वाटेवरचा फोन आणि निरोपांच्या चार वह्या

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आमचा पसरो कायमचा बंद केला. गोव्यात वास्कोच्या बाजारातून बायण्याकडे उतरताना डाव्या हाताला बाबांचं किराणा दुकान होतं. बाबा मूळचे पेडण्याचे. बंदरात काम मिळतं म्हणून आले, दोन वर्षं बार्जीवर काढली आणि १९६६ साली दुकान घातलं. परवा फळीमागचं सामान काढताना तागडीखालच्या खणात लाल कापडी पुठ्ठ्याच्या चार लांब वह्या मिळाल्या. उधारीच्या असतील असं वाटलं. उघडल्या तर फोनच्या निघाल्या.

दुकानात फोन आला १९७२ साली. मी तेव्हा दहा वर्षांचा. काळा, जड, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा, गोल चकतीचा. आईने क्रोशाचं झाकण विणलं होतं आणि बाबांनी चकतीला छोटं पितळी कुलूप लावलं होतं. बायणा, देस्तेरोची उतरण आणि वरच्या चाळी एवढ्या सगळ्या टापूत बाहेरच्या माणसाला वापरता येईल असा आम्हाला माहीत असलेला तो एकच फोन.

आणि टापू दर वर्षी वाढत होता. १९६४ साली पोर्ट ट्रस्ट झालं, शिपयार्डात भरती होती, १९७३ मध्ये सांकवाळचा खत कारखाना सुरू झाला, पुढे बंदरात खनिज चढवायचा यांत्रिक प्लांट बांधायला घेतला. कारवार, मालवण, बेळगाव, हुबळी, रत्नागिरी, पार आंध्रापासून माणसं आली. बहुतेक एकटे पुरुष, एका खोलीत सहा-सहा. गावी पत्र लिहिताना प्रत्येक जण खाली आमच्या दुकानाचा नंबर टाकायचा आणि पुढे 'पी. पी.' लिहायचा, म्हणजे फोन दुसऱ्याचा, माणसाला बोलावून घ्यावं लागेल. बाबांना कितीतरी वेळा पत्ताच नव्हता की आपला नंबर कुणाकुणाच्या घरी भिंतीवर कोळशाने लिहिलेला आहे.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. नावं असतील तिथे मी ती गाळतोय:

"कारवार. तिसरी चाळ, निळं दार, जेटीवर रात्रपाळी. भावाला मुलगी. बाळंतीण बरी. ✓"

"मिरज. गिरणीवरची खोली, फिटर. शनिवारच्या गाडीने वडील येतात, स्टेशनवर थांबणे. ✓"

"पणजी. बार्जीवरचा तांडेल. बार्ज कुंभारजुव्याला अडकली, आज घरी नाही, जेवण ठेवू नये. ✓"

"मालवण. माडाखालचं घर. आई सिरीयस. तोंडावर सांगितले नाही, गावी निघायला सांगितले. गाडीभाडे रु. १२ दिले. ✓"

नावांपेक्षा खुणा जास्त आहेत, कारण घरांना नंबर नव्हते आणि एका चाळीत एकाच नावाचे तीन-तीन लोक असायचे. निळं दार, पडका माड, बोकडवाला, रेडिओवाली काकी. निरोप पोचला की बाबा पुढे बरोबरची खूण करत.

तो पोचवायचा कुणी? मी, माझी बहीण आणि शेजारचा एक मुलगा. फोनची तार दुकानापर्यंत यायची, तिथून पुढे आमचे पाय. स्थानिक फोन असेल तर समोरचा माणूस लाईन धरून थांबायचा, मग आम्ही जीव तोडून धावायचो. ट्रंक, म्हणजे बाहेरगावचा असेल तर ऑपरेटर अर्ध्या तासाने पुन्हा लावून देते म्हणायची. बाबांनी एक गोष्ट पढवून ठेवली होती: वाईट बातमी वाटेवरून ओरडायची नाही. दारात जायचं, घरात शिरायचं, पाणी मागायचं. पाणी देईपर्यंत माणूस बसतो. मग एवढंच म्हणायचं, "काका, फोन आयला, बेगीन या." पुढचं बाबा सांगतील.

मी साठी ओलांडली तरी अजून अनोळखी घरात गेलो की आधी पाणी मागतो.

वास्को, सडा, बोगदा, चिखली, सांकवाळ, झुआरीनगर इकडच्या कुणाला असे फोन आठवत असतील तर लिहा. माझ्या वहीत आमचा एक उतार आहे. बाकीचं गाव तुमच्याकडे आहे.

---

लोंढापॅसेंजर

सुंदर धागा. थोडी मागची भर घालतो.

वास्कोत तार आली ती आगगाडीबरोबर. मुरगावचं बंदर आणि दूधसागरावरून कॅसलरॉकला जाणारी मीटरगेज लाईन ही १८८० च्या दशकातली कामं, एका इंग्रज कंपनीने पोर्तुगीज सरकारच्या हमीवर केलेली. रेल्वे म्हटली की स्टेशनातून स्टेशनला तार आलीच, त्याशिवाय गाडी सोडता येत नाही. म्हणजे घरात फोन यायच्या कितीतरी आधी या गावाला तारेची टकटक ठाऊक होती. माझे आजोबा रेल्वेत होते. घाटात गाडी अडकली की वास्कोला कळायचं, पण माणसं कुणाची अडकली ते कळायचं नाही, असं ते सांगत.

१९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली आणि सीमेपलीकडची रेल्वे बंद पडली. गोव्याबाहेर नातेवाईक असलेल्या घरांची त्या सहा वर्षांत काय अवस्था झाली असेल याचा विचार करा. कॅसलरॉक तसं जवळच, पण निरोप जायचा तर लांबच्या वाटेने. मग १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. त्याच दिवशी समोरच्या पाण्यात आफोंसो द आल्बुकर्क ही पोर्तुगीज युद्धनौका लढली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त.

आणखी एक. याच बंदरात दुसऱ्या महायुद्धात जर्मन व्यापारी जहाजं अडकून पडली होती. त्यातल्या एरनफेल्सवर लपवलेला ट्रान्समीटर होता आणि हिंदी महासागरातल्या जहाजांची खबर पाणबुड्यांना तिथून जाते असा ब्रिटिशांचा दावा होता. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या लोकांनी रात्री तिच्यावर छापा घातला आणि खलाशांनी स्वतःच जहाजं बुडवली. एका निरोपाच्या यंत्रापायी आमच्या बंदरात जहाजं जळाली, हे वास्कोच्या किती मुलांना माहीत आहे?

---

सड्यावरची

+१. वर सड्याला आमच्या कॉलनीत साहेबांच्या बंगल्यात फोन होता, पण तिथे जायची हिंमत व्हायची नाही. आम्ही खाली बोगद्याला एका हॉटेलात यायचो. पाव-भाजी घेतली तर फोनचे पैसे कमी.

---

तीन_मिनिटं

खाडीकाठ, तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही. तुमच्या वहीच्या दुसऱ्या टोकाला मी होते.

१९७० साली मी टेलिफोन खात्यात लागले आणि गोव्यातल्या दोन एक्स्चेंजमध्ये मिळून बावीस वर्षं ट्रंक बोर्डावर बसले. नवीन मुलांसाठी सांगते, तेव्हा बाहेरगावी फोन म्हणजे आधी बुकिंग. तुम्ही आम्हाला नंबर सांगायचा, आम्ही चिठ्ठीवर लिहायचो: कुठून, कुठे, साधा की अर्जंट की लाइटनिंग, आणि पी. पी. असेल तर माणसाचं नाव. चिठ्ठ्या क्रमाने लागायच्या. मुंबईच्या लाईनी मोजक्या, बेळगावच्या त्याहून मोजक्या. साधा कॉल सकाळी बुक केला तर संध्याकाळी लागायचा, कधी लागायचाच नाही. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला कितीतरी पट. लाइटनिंग करायच्या त्या खनिजाच्या कंपन्या. बंदरात जहाज उभं असेल आणि माल चढला नाही तर डेमरेजचा, म्हणजे उशिराच्या दंडाचा मीटर पळत असतो, त्यांना थांबून चालत नसे. त्यांचा लाइटनिंग आला की तुमच्या मालवणच्या आईची चिठ्ठी खाली जायची. नियमच तसा होता. पण हातात दोन्ही चिठ्ठ्या असायच्या ना माझ्या.

बोर्ड म्हणजे समोर भोकांची भिंत आणि पुढ्यात दोऱ्यांच्या जोड्या, टोकाला पितळी पिना. दिवा लागला की मागची पिन त्या भोकात, पुढची पिन हव्या त्या लाईनीत, किल्ली ओढून रिंग. दोघं बोलायला लागले की चिठ्ठीवर वेळ टाकायची. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं?" माझं हे टोपणनाव त्यावरूनच. किती बायकांचं रडणं मी त्या वाक्याने मध्येच तोडलं त्याची गणती नाही.

आवाज खूप क्षीण असला की आम्ही मध्ये बसून निरोप पुढे द्यायचो. इकडचा मला सांगायचा, मी तिकडे ओरडून सांगायची. एकदा हुबळीकडच्या एका बाईला तिचा नवरा गेल्याचं मी सांगितलं. तिकडे तिला ऐकू येईना आणि इकडे सांगणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी कन्नड शिकलेली नव्हते. जेवढं बोर्डावर बसून कानावर पडलं होतं तेवढ्यात सांगितलं. पुढच्या चिठ्ठीला हात लावायला मला दोन मिनिटं लागली, सुपरवायझर बाईंनी पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या स्वतः येऊन माझ्या जागेवर बसल्या.

तुमच्या बाबांचा आवाज मला आठवतो का, असं मी रात्रभर आठवून पाहिलं. खात्रीने सांगता येत नाही. पण वास्कोच्या एका दुकानदाराचा आवाज होता जो रिसीव्हर उचलला की आधी "थांब हां बाय, लिवून घेतां" म्हणायचा. बाकीचे सगळे आधी 'हॅलो' म्हणत.

---

खाडीकाठ

ताई, तेच ते. "लिवून घेतां." पेन्सिल सुतळीने तागडीला बांधलेली असायची. हात आधी पेन्सिलीकडे जायचा.

आज दुसरं काही लिहवत नाही. उद्या येतो.

---

जुना_लाईनमन

ऑपरेटर ताईंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

वास्कोत लाईन सांभाळणं म्हणजे दोन शत्रूंशी भांडण: खारा वारा आणि खनिजाची लाल धूळ. खांबावरच्या चिनीमातीच्या कपांवर उन्हाळाभर धूळ आणि मीठ बसायचं. मिरगाचे पहिले थेंब पडले की त्याचा चिखल. मग तारेतला करंट कपावरून खांबात गळतो आणि फोनमध्ये खरखर. लोक म्हणायचे, पाऊस आला की फोन आजारी पडतो. त्यांचं बरोबर होतं, पण जोराचा पाऊस आला की कप धुतले जाऊन खुल्या तारेचा फोन पुन्हा बराही व्हायचा. हे कुणी सांगत नाही.

जमिनीखालच्या केबलचं उलट. तिला जोराचा पाऊस म्हणजे मरण. बाहेर शिशाचं आवरण, आत कागद गुंडाळलेल्या तांब्याच्या तारा, शेकडो जोड्या. शिशाला केसाएवढी चीर गेली तरी पाणी आत शिरतं, कागद भिजतो आणि अख्ख्या वाड्याचे फोन एकदम मुके. मग खड्डा खणायचा, पंपाने पाणी काढायचं, वर ताडपत्री धरायची, जोड उघडायचा. पॅराफिनचं मेण डब्यात उकळायचं आणि पळीने भिजलेल्या तारांवर ओतायचं. आत ओल असेल तर मेण तडतडतं, फोडणीसारखं. ओतत राहायचं, ओतत राहायचं, तडतड थांबेपर्यंत. थांबली की कागद वाळला. मग एकेक जोडी ओळखून पिळायची, वर शिशाची बाही चढवायची, ब्लोलॅम्पने तापवून कथील-शिसं कापडाने पुसत पुसत जोड बंद करायचा. तो गोलवा हाताला जमायला मला दोन पावसाळे लागले. चांगल्या जोडणाऱ्याचा जोड बघून ओळखता यायचा, हा कुणाच्या हातचा.

खड्ड्यात बसलेलं असताना वर लोक जमायचे. शिव्या द्यायला नाही हो. चहा घेऊन यायचे आणि विचारायचे, "सप्ताहाआधी होईल ना?"

---

मांगोरवाली

सप्ताहावर लिहा कुणीतरी. आमच्याकडे 'सप्ताहाआधी' हीच सगळ्या कामांची तारीख.

---

खाडीकाठ

आलो. सप्ताहाचं सांगतो, कारण वहीत तो आहेच.

बाहेरच्यांसाठी: वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साथ आली तेव्हा इथल्या लोकांनी जांबावलीच्या दामोदराकडे धाव घेतली, तिथून नारळ आणून इथे ठेवला आणि भजन सुरू केलं, अशी परंपरा आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होऊन चोवीस तास अखंड भजन. वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुका, वाजतगाजत येतात, चित्ररथ असतात, फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, दिवसेंदिवस चालते. मुंबई-पुण्याहून गायक येतात. आणि गायक यायचे तर फोन हवा.

जुलै-ऑगस्टची पानं बघितली की कळतं. "मुंबई. तबलजीला गाडी मिळाली नाही, दुसरा बघा." "बेळगाव. पेटीवाले उद्या पोचतात." त्या आठवड्यात बाबा फोन दुकानाच्या पुढच्या फळीवर आणून ठेवायचे. हरवलेल्या पोरांचे फोनही तिथेच, स्टेशनवरच्या हॉटेलात पोर सापडलं की तिथून आमच्याकडे आणि आमच्याकडून मंडपात.

एका पानावर आहे: "मुंबई. देस्तेरोकडचा, आता परळला मिलमध्ये. निरोप नाही. आईला फोनवर आणू नका म्हणाला, तिला चढण होत नाही. रिसीव्हर वाटेकडे धरला. भजन ऐकवले. तीन मिनिटे. ✓"

ही ओळ वाचली तेव्हा मला ते दृश्य आठवलं. मीच रिसीव्हर धरला होता. दोरी जेमतेम फळीच्या कडेपर्यंत यायची, म्हणून मी फळीवर ओणवा होऊन हात बाहेर काढला होता आणि पार समोरून जात होता. मृदंग, टाळ, पाऊस. हाताला रग लागली तेव्हा बाबांनी माझं कोपर खालून धरलं. तीन मिनिटांनी आतून ऑपरेटरचा आवाज आला, आणि त्या माणसाने 'वाढवा' म्हटलं नाही, बहुधा पैसे नसावेत. बाबांनी पलीकडे विचारलं, ऐकू आलं का. तो काही बोलला नाही. बाबांनी पुढे बरोबरची खूण केली.

१२ ऑगस्ट १९७३ च्या पानावर त्या दिवसाची एकच ओळ आहे. "भाऊ गेले." पुढे ना गाव, ना खूण. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर. त्यांचं पूर्ण नाव लिहायची तेव्हा गरज नव्हती.

---

खलाशाची_लेक

माझे बाबा तारवटी. टँकरवर पंपमन. नऊ-नऊ महिने घराबाहेर. आम्ही चिखलीला.

जहाजावरून फोन यायचा तो बॉम्बे रेडिओमार्फत. आधी निरोप यायचा की अमुक वेळी थांबा, मग आई मला आणि भावाला स्वच्छ कपडे घालून शेजारी डॉक्टरांच्या घरी न्यायची. फोनवर दिसत नाही हे तिलाही माहीत होतं. रेडिओवर दोघांना एकदम बोलता येत नसे. एकाने बोलून संपवायचं, 'ओव्हर' म्हणायचं, मग दुसऱ्याने. माझी आई चौथी शिकलेली. "पोरांच्यो परीक्षा जाल्यो, ओव्हर." "घराक कौलां घातलीं, ओव्हर." "जेवता मरे सारकें? ओव्हर." शेवटी बाबा काय म्हणायचे ते आम्हाला कळायचं नाही, समुद्राचा आवाज यायचा. तिला मात्र कळायचं.

बाबा कायमचे घरी आले तरी काही वर्षं ती स्वयंपाकघरातून त्यांच्याशी बोलताना शेवटी थांबायची, जागा सोडायची. ती जागा त्या शब्दाची.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझी मावशी आणि काका तिथे होते. गोव्यातली किती घरं कुवेतवर जगत होती ते इथे सांगायला नको. फोन बंद. तोवर पिवळ्या पाटीची एसटीडी बूथं झाली होती, पण लावणार कुठे? तरी माणसं रोज संध्याकाळी बूथवर येऊन उभी राहायची. ज्यांचा कुणाचा तिथून निसटून जॉर्डनला पोचल्यावर अम्मानहून फोन आला तो येऊन बाकीच्यांना सांगायचा की रस्त्यात कोण कोण दिसलं. एक कागद भिंतीला चिकटवला होता, त्यावर नावं. मावशीचं नाव त्या कागदावर कुणीतरी लिहिलं, आम्ही न ओळखणाऱ्या माणसाने. तिचा स्वतःचा फोन त्यानंतर सहा दिवसांनी आला.

---

लोंढापॅसेंजर

रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, तेव्हाची बूथवरची रांग आठवते का? झुआरीनगरला दुसऱ्या पाळीचे कामगार सुटून थेट रांगेत. मीटरच्या लाल आकड्यांकडे डोळे लावून बोलायचे सगळे.

---

मांगोरवाली

सगळे इतकं हळवं लिहितायत, म्हणून दुसरी बाजू मांडते. राग मानू नका.

आम्हाला त्या फोनची भीती वाटायची. आमच्या वाड्यावर जिथे फोन होता (खाडीकाठांचं दुकान नव्हे, दुसरं) तिथे बोलायचं म्हणजे दहा माणसांसमोर बोलायचं. माझ्या मोठ्या बहिणीला शिवणक्लासमधली मैत्रीण म्हणून एक फोन आला. तो मैत्रिणीचा नव्हता. ज्याने निरोप आणला त्याने तो अंगणातून मोठ्याने सांगितला, आवाज बाप्याचा होता हेसुद्धा सांगितलं. तिचं शिक्षण त्या आठवड्यात बंद झालं. पुढे चार महिन्यांत लग्न. वाईट घर नव्हतं, ती सुखात आहे. पण तिला बारावी करायची होती आणि ती हुशार होती माझ्यापेक्षा.

१९८८ साली आमच्या घरी स्वतःचा फोन आला. अर्ज करून किती वर्षं झाली होती ते वडीलही विसरले होते. मी पहिल्यांदा दार लावून फोनवर बोलले तेव्हा काय वाटलं ते पुरुषांना कळणार नाही. निरोप पोचवणारी माणसं चांगली असतील तर त्या वह्या चांगल्या. पण सगळे तुमच्या वडिलांसारखे पाणी मागत नव्हते.

---

तीन_मिनिटं

मांगोरवाली, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आम्हाला नोकरीत लागताना लिहून द्यावं लागे की लाईनवर ऐकलेलं बाहेर बोलणार नाही. लाईन नीट चालली आहे का हे बघण्यापुरतं ऐकायचं, पुढे कान बंद. मी ते पाळलं. माझ्या नणंदेच्या घरातलं एक मोठं भांडण मला बोर्डावर कळलं होतं, आणि ते मी नवऱ्यालाही आजपर्यंत सांगितलेलं नाही. पण दुकानातल्या पोराकडून कुणी काय लिहून घेणार?

---

खाडीकाठ

मांगोरवाली, राग कशाचा. तुमचं वाचून मी वह्या पुन्हा चाळल्या, कारण मला एक गोष्ट आठवली होती आणि ती मी धाग्यात लिहिली नव्हती.

दुसऱ्या वहीत सहा पानं अशी आहेत की त्यांतल्या काही ओळी बाबांनी शाईने पूर्ण काळ्या केल्यात. नुसती काट मारलेली नाही, खालचं अक्षर दिसू नये अशा. पुढे खूण मात्र आहे. म्हणजे निरोप पोचवला आणि मग पुसला. वही दुकानात उघडी पडलेली असायची, कुणीही चाळायचं. हे बाबांना कधीतरी उमगलं असणार, किंवा कुणाचं काही बिघडल्यावर उमगलं असणार. मी त्यांना विचारलं नाही आणि आता विचारता येत नाही. त्या सहा पानांनंतर वही खणात गेलेली दिसते, कारण पुढच्या पानांवर खोबरेल तेलाचे डाग नाहीत.

आम्ही पोरं काय काय ओरडून आलो असू, तेही मला आठवत नाही. तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा.

---

सड्यावरची

खाडीकाठ, एक विचारते. सगळ्या नोंदींपुढे खूण आहे का?

---

खाडीकाठ

नाही. चार वह्यांत मिळून अकरा नोंदींपुढे नाही. काहींचं कारण बाबांनीच लिहिलंय: "खोली सोडली", "जहाजावर गेला", "दोनदा जाऊन आलो, कुलूप". तीन नोंदींपुढे कारणही नाही. त्यातल्या दोन कामाच्या आहेत, त्या वेळीच मेल्या. तिसरी अशी:

"हुबळी. विहिरीच्या वरच्या अंगाला पिवळं दार, वेल्डर, एका हाताला भाजल्याची खूण. आई बरी आहे, घाई करून येऊ नको, पैसे जपून ठेव."

तारीख १९७८ चा नोव्हेंबर. अक्षर बाबांचं नाही, माझं आहे. मी सोळा वर्षांचा, बाबा फोंड्याला माल आणायला गेले असणार. मी लिहून घेतला आणि गेलो नाही. का गेलो नाही ते आठवायचा चार दिवस प्रयत्न करतोय. त्या नोव्हेंबरात टिळक मैदानावर काही मॅच होती का, एवढंच डोक्यात येतं.

तो घाईने गावी गेला असेल का? आई बरी होती. गेला असेल तर नुसता गाडीखर्च, आणि दोन दिवसांचा पगार बुडाला असेल.

---

जुना_लाईनमन

ती विहीर कुठली? देस्तेरोच्या पायऱ्यांजवळची, की वर नवेवाड्याला जाताना फणसाखाली होती ती? फणसाखालच्या विहिरीच्या वरच्या अंगाला १९७७-७८ ला आम्ही खांब टाकले होते. तिथे खोल्यांची एक ओळ होती, बहुतेक शिपयार्डातली पोरं. त्यातले दोघं तिघं इथेच घरं करून राहिले, मला ठाऊक आहेत.

---

खाडीकाठ

फणसाखालची. वाटेत पायरीला एक मोडका लोखंडी पाईप होता, तो ओलांडून जायचो.

---

जुना_लाईनमन

मग त्याच खोल्या. आता तिथे तीन मजली इमारत आहे, पण मागच्या बाजूला एक म्हातारा वेल्डर अजून गेटं करून देतो. हाताचं मला माहीत नाही, त्याने हातमोजे घातलेलेच बघितलेत. उद्या रविवार. दहा वाजता पेट्रोल पंपाजवळ या, सोबत जाऊ. वही घेऊन या.